अख्खा विकायचा की सुटा

जुना कॉम्प्युटर विकायला आलेला माणूस दुकानाच्या पायरीवरच ओळखू यायचा. मशीन पोत्यात गुंडाळून आणायचा, पण खाली असं ठेवायचा की आत तान्हं बाळ झोपलंय. मग सांगायचा, अगदी घरच्यासारखं वापरलंय, पोरांना हात लावू दिला नाही. बायकोलाही लावू दिलेला नसायचा आणि त्याला स्वतःलाही फारसा लावता आलेला नसायचा. मी चहा सांगायचो, त्याला बसवायचो आणि विचारायचो, "अख्खा विकायचा की सुटा?" निम्मी माणसं इथंच बावचळून जात.

ज्यांचा या धंद्याशी संबंध आला नाही त्यांना जरा समजावून सांगतो. त्या काळचा कॉम्प्युटर म्हणजे एक पडदा आणि एक पत्र्याची पेटी. पेटीत मुख्य तीन चिजा. सगळ्या तारा जिथं येऊन मिळतात ती पाटी म्हणजे मदरबोर्ड, वीज वाटून देणारा डबा म्हणजे पॉवर सप्लाय, आणि सगळं लक्षात ठेवणारी हार्डडिस्क. अख्खं मशीन विकलं तर गिऱ्हाईक एक आणि कटकटही एकच, पण हाती येतं थोडं. सुटं विकलं तर जास्त सुटतं, पण गिऱ्हाइकं चार, भांडणं आठ आणि उरलेली पेटी आपल्या बोकांडी. बकरा उभा विकावा की कापून, असा हा जुनाच प्रश्न आहे. मी जन्मभर कापून विकण्याच्या बाजूचा. माझे भागीदार रहीमचाचा मात्र उभा विकण्याच्या बाजूचे, आणि या एका गोष्टीवरून आमचं जेवढं वाजलं तेवढं माझं बायकोशीही वाजलेलं नाही.

चाचा मला भेटले ते भूकंपामुळं. मी तेव्हा नांदेडात रेडिओ-टीव्ही दुरुस्त करायचो. भूकंपानंतर किल्लारीकडं मदतीला आलेल्या संस्थांनी पत्र्याच्या शेडमध्ये कचेऱ्या थाटल्या होत्या आणि तिथं कॉम्प्युटर आले होते. नवी गावं वसली, लोक घरात राहायला गेले, तेव्हा या संस्थांनी आवराआवर केली आणि एका संस्थेनं लातूरला सामानाचा लिलाव पुकारला. मी जनरेटर मिळतो का बघायला गेलो होतो. लोक कूलरवर, लोखंडी खाटांवर तुटून पडले होते. कॉम्प्युटर एका कोपऱ्यात होते आणि त्यांच्याकडं कुत्रंही बघत नव्हतं. फक्त पांढरा पायजमा, टोपी आणि खांद्यावर रुमाल अशा वेशातले एक वयस्कर गृहस्थ त्यांच्याभोवती फिरत होते. त्यांनी एका पेटीच्या पाठीवर थाप मारली, वाकून मागून पाहिलं आणि मला विचारलं, "हे किती वर्सं काम देतंय?"

रहीमचाचा लोह्याचे. उभी हयात बैलांच्या दलालीत गेलेली. ट्रॅक्टर आले, बाजारातल्या जोड्या कमी झाल्या आणि चाचा रिकामे झाले. बैलगाडीची टायरं घ्यायला म्हणून ते लिलावात आले होते. मी त्यांना मशीन काय करतं ते सांगितलं. ते त्यांना कळलं नाही, पण कोणी बघत नाही तेच जनावर घ्यावं, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. बैलाच्या बाजारात भाव तोंडानं बोलत नाहीत. रुमालाखाली हातात हात घेतात आणि बोटं दाबून आकडा सांगतात, म्हणजे भोवतालच्यांना पत्ता लागत नाही. चाचा सरळ त्या संस्थेच्या साहेबाकडं गेले, त्याच्या हातावर रुमाल टाकला आणि बोटं दाबायला लागले. साहेब परप्रांतातला, तरणा पोरगा. तो इतका गांगरला की हात सोडवून घेण्यासाठी हो म्हणाला. अशा रीतीनं आम्ही दहा कॉम्प्युटरांचे मालक झालो.

पुढं लातूरला क्लासेसचं जे पीक आलं, त्यानं आम्हाला हात दिला. गल्लीगल्लीत डॉक्टर-इंजिनिअर घडवायचे कारखाने निघाले. हदगाव, लोहा, रेणापूर, कुठकुठली पोरं वळकट्या घेऊन येत. प्रत्येक क्लासला टेबलावर कॉम्प्युटर हवाच, कारण मागच्या क्लासवाल्याकडं होता. एक सर तर आमच्याकडून नुसता मॉनिटर घेऊन गेले. पेटी कुठं आहे असं पालकांनी विचारलं तर काय सांगाल, म्हणालो. ते म्हणाले, पालक फी विचारतात, पेटी विचारत नाहीत. आम्ही निम्मा आठवडा नांदेडला आणि निम्मा लातूरला दुकान लावायचो आणि दोन्हीकडं बरकत होती. ते दिवस आठवले की अजून अंगात वारं भरतं.

धंदा वाढला तरी चाचांनी बैलबाजार सोडला नाही. मशीनला ते जनावरच म्हणायचे. पोळ्याला दुकानातल्या सगळ्या मॉनिटरांना झेंडूची माळ घालायचे, आणि त्यात काही चुकतंय असं त्यांना कधी वाटलं नाही. मला तर नाहीच. त्यांनी आणखी एक रीत पाडली. बैलाला डाग देतात तसं त्यांनी सुनेच्या नेलपॉलिशच्या बाटल्या आणून प्रत्येक मशीनच्या आतल्या चिजांना ठिपके दिले. एका मशीनला लाल, एकाला जांभळा, एकाला गुलाबी, म्हणजे एकाची चीज दुसऱ्यात जाऊ नये. मी म्हणायचो, चाचा, आपल्याला सुटंच विकायचंय, कशाला रंगवता? त्यावर त्यांचं उत्तर ठरलेलं. "जोडी फोडायची न्हाई, इंजिनेर. फोडलेलं जनावर चारा खात न्हाई." मी आयटीआय केलेला माणूस, पण चाचांनी मला मरेपर्यंत इंजिनेरच म्हटलं. चाचा आता नाहीत, आणि त्या हाकेला ओ देणारा मीही रिटायर झालोय.

आता बालाजीची गोष्ट सांगतो, कारण जोडीचा वाद तिथं मिटला.

बालाजी लोह्याचा, चाचांच्या गल्लीतला. त्यानं लिलावातली ती दहाच्या दहा मशिनं आमच्याकडून घेतली आणि लोह्यात टायपिंग आणि कॉम्प्युटरची इन्स्टिट्यूट काढली. दोन-तीन वर्षं बरी चालली. मग पोरं शिकायला नांदेडला आणि लातूरला पळायला लागली आणि बालाजीच्या खुर्च्यांवर कोंबड्या बसायला लागल्या. तो आमच्याकडं आला, पण त्याची मागणी निराळी होती. आतलं सगळं काढून घ्या, पेट्या आणि पडदे तसेच राहू द्या. वडलांना कळता कामा नये. मला काय, मी पाना-पेचकस घेऊन तयारच होतो. चाचा मात्र दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. म्हशीचं रेडकू मेलं की त्याच्या कातड्यात भुसा भरून तिच्यापुढं उभं करतात, म्हणजे ती पान्हा सोडते. तू त्या पोराला तसली इन्स्टिट्यूट करून दिलीस, असं त्यांनी तिसऱ्या दिवशी मला सुनावलं. त्यांना तेव्हा ठाऊक नव्हतं की बालाजीनं खरंच भुसा भरलाय. वडलांनी झाडताना पेटी उचलली तर हलकी लागू नये म्हणून त्यानं प्रत्येक पेटीत एकेक वीट ठेवली होती.

नंतर हे येडं पोरगं प्रेमात पडलं. तेही रीतसर, पाहुण्यांसोबत मुलगी बघायला जाऊन. मुलगी महानंदा, लातूरला मामाकडं राहायची आणि एका क्लासमध्ये कॉम्प्युटरवर पेपर टाइप करायची. बाकीच्या मुली खाली बघून बसतात. हिनं पोह्यांची ताटली देता देता विचारलं, "तुमच्याकडं मशिनी कोणत्या हायती?" बालाजीला आजवर सगळ्यांनी शेती किती तेवढंच विचारलेलं. त्याचं काळीज तिथंच गेलं. दहा आहेत आणि दहाही चालू आहेत, असं तो सांगून बसला. मामा म्हणाले, घर बघायला येतो. महानंदा म्हणाली, मीपण येते, मशिनी बघते.

बालाजी दुकानात येऊन मटकन बसला. "काका, लई घोळ झाला. ती स्वतः यायलीय. तिच्याबिगर मला जमायचं न्हाई," म्हणाला. चाचांनी त्याला पाणी दिलं आणि आम्ही तिघं विचार करत बसलो. मशिनं पुन्हा भरायची म्हटलं तर चिजा कधीच विकल्या गेल्या होत्या. मग बालाजीलाच युक्ती सुचली, आणि ही युक्ती फक्त मराठवाड्यातल्या माणसाला सुचू शकते. लोह्यात सकाळी अकराला लाइट जायची ती तीनलाच यायची. पाहुण्यांना साडेअकराला बोलवायचं. मशिनं दाखवायची आणि हळहळायचं, की काय करणार, लोडशेडिंग आहे. इतका पक्का बेत मी आयुष्यात पाहिला नव्हता. महावितरणवर एवढा विश्वास टाकलेला माणूसही पाहिला नव्हता.

पाहुणे आले. मी आणि चाचाही शेजारी म्हणून हजर होतो. बारा वाजत आले तरी डोक्यावरचा पंखा फिरतच राहिला. बालाजी पंख्याकडं बघायचा, मी बालाजीकडं. मामा म्हणाले, लोह्याला लाइट चांगली आहे हो. मग कुणीतरी बातमी आणली की आज तालुक्याला मंत्री येणार आहेत, दिवसभर लाइट जाणार नाही. महिनोन्‌महिने ज्या लाइटसाठी लोह्यानं मोर्चे काढले ती त्या दिवशी नको असताना येऊन बसली होती. मी हसू दाबायला म्हणून खोकलो आणि खरोखरच ठसका लागला.

महानंदा उठली आणि मशिनांपाशी गेली. पहिल्याचं बटण दाबलं, काही नाही. दुसऱ्याचं दाबलं, काही नाही. बालाजी वायरिंगचा काहीतरी प्रॉब्लेम सांगत होता, पण त्याचा आवाज त्याला स्वतःलाच ऐकू येत नव्हता. कोपऱ्यातल्या मशीनपाशी ती थांबली. त्याच्या बटणावर एक लाल टिकली चिकटवलेली होती. जुनी, कडा उडालेली. आम्हीही ती कधी काढली नव्हती.

"हे माझं हाय," ती म्हणाली.

मग तिनंच सांगितलं, मामांनी मान हलवून साथ दिली. भूकंपात तिचे वडील आणि धाकटा भाऊ गेले. आई आणि ती वाचल्या. तात्पुरत्या पत्र्याच्या वस्तीत राहत होत्या तेव्हा शेजारच्या शेडमध्ये त्या संस्थेची कचेरी होती. तिथल्या ताई संध्याकाळी पोरांना मशीनवर बसू द्यायच्या. मशीन सुरू करायचं बटण कोणतं ते लहान पोरांना कळावं म्हणून महानंदानं कपाळावरची टिकली काढून तिथं लावली. त्या वर्षात हसू आलं ते फक्त त्या शेडमध्ये आलं, असं ती म्हणाली. मशीन सुरू होताना घरघर करायचं, तो आवाज तिला आईच्या आवाजाइतका पाठ होता. लिलावात ते कुठं गेलं हे तिला कुणी सांगितलं नव्हतं.

तिनं टिकलीवर बोट ठेवून दाबलं. काहीच झालं नाही. तिनं पेटी जरा पुढं ओढली, तर आत गडगडलं. झाकणाचे स्क्रू बालाजीनं नीट आवळलेले नव्हते. झाकण निघालं आणि आतली वीट सगळ्यांना दिसली.

मामा ताडकन उभे राहिले. फसवणूक, चला, असं काहीबाही ते बोलले आणि त्यांचं चुकलं असं मी म्हणणार नाही. बालाजीनं मात्र एक बरं केलं, खोटं बोलायचं सोडलं. इन्स्टिट्यूट बसली, आतलं विकून टाकलं, तुम्ही हो म्हणावं म्हणून खोटं बोललो, असं त्यानं खाली बघत सरळ सांगितलं. महानंदा विटेकडं बघत उभी होती. घर पडलेल्या पोरीपुढं आपण वीट ठेवली, हे त्या क्षणी आम्हा सगळ्यांना कळलं आणि मला मान वर करवेना. पण तिचे खांदे हलायला लागले. रडते की काय म्हणून बघितलं तर हसत होती. पदर तोंडाला लावून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसत होती.

हसू आवरल्यावर तिनं अट घातली. "बाकीच्या नऊ मशिनींचं मला काही न्हाई. ह्येच्यातलं ह्येच्यात परत आणा. दुसरं कायबी घालू नका. मग मी काय ते सांगते." मामा म्हणाले, ते कसं ओळखणार? तेव्हा चाचा पुढं झाले. या जनावराचा डाग गुलाबी आहे, त्यांनी सांगितलं, आणि माझ्याकडं असं बघितलं की मी दुसरीकडं बघायला लागलो.

मग आम्ही गुलाबी ठिपके शोधत निघालो. मदरबोर्ड हदगावला एका जिनिंगच्या वजनकाट्यावर लागलेला. कापसाचा हंगाम, बाहेर ट्रॅक्टरांची रांग. मालक म्हणाले, काटा बंद पडला तर हे शेतकरी तुमचंच वजन करतील. सुट्टीच्या दिवशी परत गेलो, बदली पाटी घातली, काटा नीट चालतो हे बालाजीला स्वतः त्यावर उभं करून सिद्ध केलं आणि आमची पाटी घेऊन आलो. पॉवर सप्लाय रेणापूरच्या एका हॉटेलात सापडला. त्यावर मोटारीतला टेप जोडून हॉटेलवाल्यानं दिवसभर गाणी चालू ठेवली होती. त्यानं दुसरा सप्लाय घेतला, चहा पाजला आणि हकिकत ऐकल्यावर म्हणाला, लग्नाला बोलवा, नाही बोलवलं तर काढून घ्यायला येईन.

हार्डडिस्क मी लातूरला एका क्लासला विकली होती एवढं आठवत होतं. तिथं गेलो तर टेबलामागं महानंदा बसलेली. बालाजी दारातच थिजला. रोज ज्या मशीनवर ती पेपर टाइप करायची त्याच्या पोटात तिचीच डिस्क होती आणि तिला पत्ता नव्हता. मी स्क्रू काढले, डिस्क बाहेर ओढली, गुलाबी ठिपका दाखवला. ती बराच वेळ त्या ठिपक्यावरून अंगठा फिरवत राहिली. तेवढ्यात क्लासचे सर धावत आले. परीक्षा तोंडावर, सगळे पेपर यात, डिस्क द्यायची नाही म्हणाले. ते अडून बसले आणि आम्ही निघायला लागलो.

"सर, मी सगळं दुसऱ्या डिस्कवर उतरवून देते, ही त्यांना द्या," महानंदा म्हणाली. आणि तिनं दुपारचं जेवण सोडून ते काम केलं. अट घालणारी तीच आणि अट पुरी करायला मदत करणारीही तीच. बालाजीला हे कळलं नाही. तो परतीच्या वाटेवर नुसता एकच विचारत होता, काका, चालू झालं न्हाई तर काय करायचं?

आणि ती भीती खोटी नव्हती. इतके हात फिरलेल्या जुन्या चिजा, कोणती कधी दगा देईल सांगता येत नाही. मी मशीन जोडलं ते पाहुणे पुन्हा यायच्या दिवशी सकाळी, लोह्यातच. तारांचा शेवटचा गुंता सुटायला आणि पाहुणे दारात यायला एकच गाठ पडली. मी स्विच लावायला हात पुढं केला आणि लाइट गेली. या वेळी कुठलाच मंत्री येणार नव्हता. बालाजीची आई देवापुढं जाऊन बसली. आम्ही सगळे चहा पीत, घाम पुसत त्या पेटीकडं बघत बसलो. पाऊण तासानं मामांचा धीर सुटला. दुपारची बस चुकेल, काय ते आता सांग पोरी, नाही तर उठू, असं ते म्हणाले.

महानंदा सगळ्यांसमोर काही बोलेना. एवढ्या माणसांत पोरीनं तोंडानं काय सांगायचं? चाचा सरकून तिच्यापुढं बसले, खांद्यावरचा रुमाल काढला, आपल्या हातावर पसरला आणि म्हणाले, "बेटा, बाजारात मोठ्यानं बोलत न्हाईत."

तिनं मामांकडं बघितलं. मामांनी हसून मान हलवली. तिनं रुमालाखाली हात घातला. रुमाल जरासा हलला, एवढंच आम्हाला दिसलं. चाचा काही क्षण तसेच बसून राहिले. मग रुमाल झटकून खांद्यावर टाकला आणि जाहीर केलं, सौदा झाला. मशीन अजून सुरू झालेलं नव्हतं. ते सुरू होईल की नाही हे कुणालाच माहीत नव्हतं, आणि ती हो म्हणून बसली होती.

लाइट तीनला आली. तोवर साखर वाटून झाली होती आणि मशीनचं कुणाला भान नव्हतं. महानंदाच उठली, टिकलीवर बोट ठेवलं आणि दाबलं. पेटी कण्हली, थांबली, पुन्हा कण्हली आणि घरघरायला लागली. ती पेटीच्या पत्र्यावर तळहात ठेवून उभी राहिली. बालाजी तिच्या शेजारी जाऊन उभा राहिला. पुढं दोघांनी लातूरला क्लासच्या नोट्स छापून द्यायचं काम काढलं, अजून करतात. ते मशीन आता चालत नाही, पण घरात आहे. अलीकडं एका भंगारवाल्यानं अख्खं देता की सुटं म्हणून विचारलं, तर त्याला चहा न देता हाकलला.

त्या दिवशी संध्याकाळी नांदेडच्या बसमध्ये मी चाचांना छेडलं. म्हटलं, एवढी दलाली केलीत, पोरीनं भाव काय सांगितला ते तरी कळू द्या. चाचांनी रुमाल काढला, माझ्या हातावर टाकला आणि त्याखाली मला तिच्या बोटांची खूण करून दाखवली. दोन बोटं, एकमेकांत घट्ट अडकवलेली. सोडवून बघितली तर सुटत नव्हती.

"ह्यो भाव मी कुठल्याच बाजारात धरला न्हाई, इंजिनेर," चाचा खिडकीबाहेर बघत म्हणाले. "मी आपलं सौदा झाला म्हणून टाकलं."